‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ : एका ऐतिहासिक खेळाचे गुणदोष

ऐतिहासिक कथेने इतिहासाशी कितपत इमान राखावे, हा वाद मराठी वाङ्मयात हरिभाऊ आपट्यांच्या काळापासून चालत आला आहे आणि त्याचा निकाल अद्यापि लागलेला नाही. तो कायमचा लागावा अशी आमची फारशी इच्छाही नाही. कारण या वादाच्या निमित्ताने प्रत्येक पिढीला आपली कसोटी पुन्हा एकदा घासून पाहावी लागते. परंतु गेल्या काही वर्षांत या वादात एक नवा पक्षकार दाखल झाला आहे आणि आपण साहित्याच्या अभ्यासकांनी त्याची पुरेशी दखल घेतलेली नाही. तो पक्षकार म्हणजे व्हिडिओ गेम.

प्रस्तुत लेखाचे निमित्त एका वर्गात घडले. आमच्या परिचयाचे एक शिक्षक मध्ययुगीन जपानविषयी बोलत असता एका विद्यार्थ्याने मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले की, सामुराई योद्धे शत्रूवर रात्री छापा घालीत नसत. तसे करणे त्यांच्या धर्मात बसत नव्हते. आधार विचारला तेव्हा त्याने कोणत्याही ग्रंथाचे नाव न घेता ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ या खेळाचे नाव सांगितले. शिक्षकांना खेळ ठाऊक नव्हता. त्यांनी आम्हांस विचारले, आम्हांसही तो ठाऊक नव्हता. घरातील तरुण मंडळींच्या साहाय्याने, आणि त्यांच्या हसण्याकडे दुर्लक्ष करून, आम्ही तो अथपासून इतिपर्यंत खेळलो. त्या अनुभवावरून जे मत बनले ते येथे मांडीत आहोत.

प्रथम खेळाची ओळख. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या ‘सकर पंच प्रॉडक्शन्स’ या संस्थेने तो तयार केला व सोनी कंपनीने १७ जुलै २०२० रोजी ‘प्लेस्टेशन ४’ या यंत्रासाठी प्रसिद्ध केला. २०२१ मध्ये त्याची वाढविलेली आवृत्ती निघाली आणि २०२४ मध्ये तो संगणकावरही आला. आजवर त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या आहेत. ज्या वाचकांनी असे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी एवढे सांगणे पुरे की, ही एक दीर्घ सचित्र कथा आहे. तिचा नायक आपल्या हातातील कंट्रोलरच्या आज्ञेने चालतो, घोड्यावर बसतो, लढतो. कथा पुढे सरकण्यासाठी आपल्याला काही करावे लागते. ते केले नाही, तर ती तिथेच थांबून राहते. वाचक आणि कथानक यांमधील हे नवे नाते ध्यानी ठेवले पाहिजे, कारण या खेळाचे मोठे गुण आणि सर्वांत मोठा दोष ही दोन्ही त्यातूनच जन्मतात.

कथेचा ऐतिहासिक पाया असा. जपान आणि कोरिया यांमधील सामुद्रधुनीत त्सुशिमा नावाचे बेट आहे. कुब्लाई खानाने जपानवर पाठविलेले आरमार इ.स. १२७४ च्या नोव्हेंबरात प्रथम या बेटावर येऊन धडकले. बेटाचा अधिकारी सो सुकेकुनी सुमारे ऐंशी स्वारांनिशी कोमोदाच्या किनाऱ्यावर त्याला सामोरा गेला आणि आपल्या माणसांसह मारला गेला. आक्रमकांनी बेट उद्ध्वस्त केले, नंतर इकी हे दुसरे बेट घेतले आणि मग ते क्यूशूवरील हाकाता उपसागरात उतरले. तेथून त्यांना परतावे लागले. १२८१ मध्ये दुसरी स्वारी झाली, तिचा वादळाने नाश केला. तेच पुढे ‘कामिकाझे’ म्हणजे दैवी वारा या नावाने जपानी स्मृतीत राहिले.

खेळ या पायावर वेगळी इमारत उभारतो. सुकेकुनीच्या जागी येथे शिमुरा नावाचा कल्पित अधिकारी आहे आणि त्याचा पुतण्या नव्हे, तर भाचा असलेला जिन साकाई हा नायक आहे. कोमोदाच्या किनाऱ्यावर सामुराई एका रांगेत उभे राहतात. त्यांच्यातला एक वीर पुढे होऊन आपले नाव व कूळ उच्चारतो आणि द्वंद्वाचे आव्हान देतो. मोगलांचा म्होरक्या खोतुन खान, हाही कल्पितच, उत्तरादाखल त्याला पेटवितो आणि त्याचे मस्तक उडवितो. काही क्षणांत सामुराईंची फळी नष्ट होते. जिन जखमी होऊन उरतो. युना नावाची एक चोरटी बाई त्याला वाचविते. ज्या नियमांनी आपण हरलो ते नियम मोडल्यावाचून बेट परत मिळणार नाही, हे जिनला हळूहळू उमजते. तो अंधारातून वार करू लागतो, लोक त्याला ‘भूत’ म्हणू लागतात, आणि ज्या मामाने त्याला बापाच्या मायेने वाढविले त्याच्याशी त्याचा दुरावा वाढत जातो.

आता गुणांविषयी. पहिला गुण स्थलवर्णनाचा आहे. अशा खेळांत पडद्याच्या कोपऱ्यात नकाशा असतो आणि खेळणाऱ्याचे डोळे देखाव्यावर न राहता त्या नकाशावर खिळतात. येथे कोपऱ्यातला नकाशा नाही. त्याचे काम वारा करतो. कंट्रोलरवरून बोट फिरविले की वाऱ्याची झुळूक उठते, गवत वाकते, पाने उडतात आणि ज्या दिशेला जायचे ती दिशा समजते. वाट शोधायची तर झाडांकडे पाहणे भाग पडते. कादंबरीत निसर्गवर्णनाची पाने उलटून पुढे जाणारे वाचक आपल्या सर्वांना ठाऊक आहेत. या खेळाने त्यांच्यावर फार सौम्य उपाय शोधला आहे. शिवाय ज्या देशाच्या स्मृतीत मोगलांच्या स्वारीची आठवण दैवी वाऱ्याशी जोडलेली आहे, तेथील कथेत वाऱ्यालाच वाटाड्या करणे यात औचित्य आहे.

दुसरा गुण उपकथानकांचा. मुख्य कथेच्या वाटेवर अनेक माणसे भेटतात: सारे कुटुंब गमावलेली प्रौढ मासाको, आपल्याच शिष्येने दगा दिलेला धनुर्विद्येचा गुरू इशिकावा, आपल्या सोबत्यांच्या मृत्यूने खचलेला भिक्षू नोरियो. प्रत्येकाच्या दुःखाची जात निराळी आहे आणि सूडाने ते शमत नाही हे प्रत्येकाला आपापल्या रीतीने कळते. यांत आम्हांस सर्वांत हृद्य वाटली ती युरिकोची कथा. ही साकाई घराण्यातली वृद्ध सेविका. तिची स्मृती ढळू लागली आहे. ती मधूनच जिनला त्याचा मृत पिता समजून बोलते, आणि त्या बोलण्यातून तिचे त्या पित्यावरील मूक प्रेम उघड होते. जिनसोबत एक शेवटची रपेट करून ती शांतपणे जाते. आणि नायकाला विष करायला शिकविणारीही हीच बाई! जे शस्त्र पुढे त्याच्या घराण्याचे नाव बुडविणार, ते त्याला घरातल्याच मायेच्या हातून मिळते. हा विरोध कोणताही समर्थ कादंबरीकार आनंदाने आपला म्हणेल.

तिसरा गुण असा की, खेळ आपल्या नायकाच्या कृत्यांची किंमत कथेत वसूल करतो. जिन विषप्रयोग करून किल्ल्यातील मोगलांना मारतो. परंतु खोतुन खान ते विष ओळखतो, स्वतः तयार करतो आणि बेटावरच्या लोकांवर उलटवितो. शिमुराचा आक्षेप तोवर एका हट्टी म्हाताऱ्याचा वाटत असतो; आता त्यात तथ्य होते हे दिसते. दोन्ही पक्षांकडे काही सत्य असणे हा शोकात्म कथेचा प्राण होय, आणि तो येथे काही काळ तरी खरोखर जाणवतो.

दोषांपैकी जे लहान आहेत त्यांवर आम्ही थांबणार नाही. मोगलांच्या छावण्या एकामागून एक मुक्त करणे, कोल्ह्याच्या मागे धावत जाऊन देवस्थान गाठणे, या गोष्टी प्रथम रम्य वाटतात. पंचविसाव्या वेळी त्या हजेरीपटासारख्या होतात. विस्तार म्हणजे समृद्धी नव्हे, हा धडा या क्षेत्राला अजून शिकावयाचा आहे.

कालविपर्यासाचा प्रश्न अधिक विचार करण्याजोगा आहे. बेटावर काही निवांत जागी जिन बसतो आणि समोरच्या देखाव्यावर हायकू रचतो. खेळणाऱ्याने प्रत्येक ओळीसाठी दिलेल्या पर्यायांतून एक निवडायचा असतो. कल्पना सुंदर आहे, पण हायकू १२७४ मध्ये नव्हता. त्या काळी प्रतिष्ठा होती ती एकतीस मात्रांच्या ‘वाका’ची. साखळी-काव्याचे पहिले कडवे स्वतंत्र होऊन उंचीला पोचले ते सतराव्या शतकात, बाशोच्या हातून. आणि ‘हायकू’ हे नाव रूढ केले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मासाओका शिकीने. शिरीष पै यांच्यामुळे हायकू मराठीत रुजला असल्याने आपल्या विद्यार्थ्यांना तो परिचित आहे, आणि म्हणूनच ही चूक त्यांना चूक वाटत नाही. आपल्याकडील तुलना घेऊ. १२७४ मध्ये देवगिरीवर रामदेवराव यादव राज्य करीत होता. ज्ञानेश्वरी पुरी व्हायला अजून सोळा वर्षे होती. त्या देवगिरीच्या तटावर बसून एखादा तरुण शिलेदार सुनीत रचतो आहे असे कोणी दाखविले, तर केशवसुतांनी मराठीत आणलेला हा काव्यप्रकार तेथे पाहून आपल्याला हसू आवरणार नाही.

तरीही हा दोष आम्ही क्षम्य मानतो. खेळातली तलवार व चिलखतेही पुष्कळशी पुढच्या शतकांतली आहेत, आणि आपण इतिहासाची हुबेहूब प्रतिकृती करीत नाही हे निर्मात्यांनी स्वतःच सांगितले आहे. वेषभूषेतील व काव्यप्रकारातील गल्लत शिक्षकाला एका वाक्यात दुरुस्त करता येते. त्याहून खोल असलेली गल्लत एका वाक्यात दुरुस्त होत नाही, आणि ती आहे मूल्यांची.

या खेळाचा सारा डोलारा एका गृहीतावर उभा आहे. सामुराईंची एक निश्चित आचारसंहिता होती. समोरासमोर लढावे, शत्रूच्या डोळ्यांत पाहून वार करावा, छापा व कपट वर्ज्य, असे तिचे नियम होते. आणि जिन तिचा भंग करतो. ज्याला आपण ‘बुशिदो’ म्हणतो त्या आदर्शाची ही छाया होय. परंतु त्याची सुविहित मांडणी पुष्कळ नंतरची आहे. ‘हागाकुरे’ हे प्रसिद्ध पुस्तक अठराव्या शतकाच्या आरंभीचे, म्हणजे सामुराईंना लढाई उरली नव्हती त्या शांततेच्या काळातले. जगाला बुशिदोची ओळख करून देणारे नितोबे इनाझो यांचे इंग्रजी पुस्तक तर एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरचे.

तेराव्या शतकातील योद्धा कसा होता याचा पुरावा आपल्याला एका चित्रपटातून मिळतो. चित्रपट म्हणजे कागदाच्या गुंडाळीवर काढलेली चित्रमाला. ताकेझाकी सुएनागा नावाचा एक सामुराई १२७४ मध्ये हाकाता येथे लढला. आपल्या पराक्रमाची नोंद झाली नाही म्हणून तो पुढल्या वर्षी दूरच्या कामाकुरा या राजधानीपर्यंत गेला, तेथे दाद मागितली आणि बक्षीस मिळवून परतला. पुढे त्याने आपल्या युद्धकथेची ही चित्रमाला काढवून घेतली. या माणसाला मान हवा होता यात शंका नाही. पण तो मान म्हणजे सर्वांपुढे गेल्याची साक्ष आणि तिच्या मोबदल्यात इनाम. आपल्या मराठी दप्तरांत वतनासाठी भांडणारे शिलेदार ज्यांनी वाचले आहेत त्यांना सुएनागा परका वाटणार नाही. आणि रात्रीच्या छाप्याचे काय? १२८१ च्या स्वारीत याच सामुराईंनी लहान होड्यांतून रात्री मोगलांच्या जहाजांवर हल्ले केले. त्याही आधी, ११५६ च्या होगेन यादवीत, ‘होगेन मोनोगातारी’ ही युद्धकथा सांगते त्याप्रमाणे, मिनामोतो नो तामेतोमो या योद्ध्याने रात्रीच्या हल्ल्याचा सल्ला दिला. तो अनुचित म्हणून नाकारला दरबारी उमराव योरिनागाने. मग प्रतिपक्षाने तोच डाव टाकला आणि लढाई जिंकली. औचित्याचा आक्षेप त्या काळी अगदीच नव्हता असे नव्हे. पण ज्याने लढायचे त्याच्या तोंडी नव्हे, तो उमरावाच्या तोंडी आला. वर्गातल्या त्या विद्यार्थ्याला हे उत्तर द्यायचे आहे.

मराठी वाचकाने येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. १६६३ मध्ये लाल महालावर रात्री घातलेल्या छाप्याचा पोवाडा ऐकत आपण वाढलो. गनिमी कावा हा आपल्या लेखी अभिमानाचा शब्द आहे. त्यामुळे शिमुराचा आक्षेप आपल्याला चटकन पोकळ वाटतो आणि जिनच्या डोळ्यांतले पाणी अनाकलनीय. पण आपल्या संस्कारावरून दुसऱ्याचा तेरावा शतक मापणे ही देखील तीच चूक होय, जी खेळाने अठराव्या शतकावरून मापून केली. दोघांनीही त्या काळच्या माणसाला विचारले नाही.

मूल्यांच्या गल्लतीतून आणखी दोन उणिवा निघतात. आक्रमकांचे सैन्य निव्वळ मोगलांचे नव्हते. कोर्यो, म्हणजे त्या वेळचा कोरिया, यातील जहाजे, खलाशी व सैनिक त्यात मोठ्या प्रमाणावर होते, आणि कोरिया स्वतः मोगलांच्या टाचेखाली पिचलेला होता. जिंकलेल्या देशाच्या माणसांना दुसरा देश जिंकावयास पाठविले जाते, ही या इतिहासातील सर्वांत करुण गोष्ट. खेळाने ती जवळजवळ गाळून टाकली. दुसरी उणीव शेवटाची. प्रत्यक्षात त्सुशिमा हरले आणि त्याला सोडविणारा कोणी नायक आला नाही. खेळात बेट जिंकले जाते. काल्पनिक विजय रचण्यास कोणाची मनाई नाही. पण विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’ने १९८८ मध्ये मराठी वाचकाला दाखवून दिले होते की, पराभव पराभव म्हणूनच सांगितला तरी लाखो लोक तो वाचतात, आणि त्यातून उणे होत नाहीत, प्रौढ होतात. ऐंशी स्वारांची कथा तेवढ्याच धैर्याने सांगता आली असती.

शेवटचा दोष खेळ या प्रकाराचा स्वतःचा आहे, म्हणून तो आम्ही सर्वांत गंभीर मानतो. कादंबरीत नायक चुकला तर वाचक असहाय असतो. येथे मात्र हात आपला असतो. आम्ही हट्टाने, शक्य तेथे, प्रत्येक लढाई समोरासमोर लढलो. कथेने त्याची नोंद घेतली नाही. विषप्रयोग कथेनेच आमच्याकडून करविला आणि मग मामाने त्याबद्दल आम्हांसच दोष दिला. मानाचे लढा किंवा अंधारातून लढा, असा प्रश्न खेळ सतत विचारतो, पण उत्तर त्याने आधीच लिहून ठेवलेले आहे. अगदी शेवटी, मामाशी होणाऱ्या द्वंद्वानंतर, त्याला मारावे की जीवदान द्यावे एवढी एक निवड खरोखर आपली असते. त्या एका क्षणी आमचा हात थांबला, आणि माध्यमाची खरी शक्ती कोठे आहे ते कळले. असे क्षण आधीही आले असते, तर हा खेळ थोर म्हणता आला असता.

मग शिक्षकांनी या खेळाकडे पाठ फिरवावी काय? आम्हांस तसे वाटत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये वादळाने त्सुशिमातील वाताझुमी देवस्थानाची तोरी, म्हणजे कमान, पडली. ती उभारण्यासाठी ५० लाख येनचे आवाहन झाले, आणि खेळणाऱ्यांचा हातभार लागून सुमारे २ कोटी ७० लाख येन जमले. ज्यांनी ते बेट कधी पाहिले नव्हते त्यांना ते आपले वाटले. इतिहासाविषयी अशी आपुलकी निर्माण करणे सोपे नाही. पाठ्यपुस्तकांना ते क्वचितच साधते. आपुलकीच्या मागून ज्ञान आणणे हे मात्र खेळाचे काम नव्हे, ते आपले आहे.

यास्तव आमची एक सूचना आहे. ज्या वर्गात हा खेळ माहीत आहे तेथे त्याचा निषेध न करता विद्यार्थ्यांना एक काम द्यावे: ‘देवगिरी, १२७४’ अशा खेळाचा आराखडा करा. नायक कोण? तो कोणती भाषा बोलेल, कोणते काव्य म्हणेल, मान कशाला म्हणेल, कशाची त्याला लाज वाटेल? पहिल्या प्रश्नांची उत्तरे ग्रंथालयात मिळतील. शेवटच्या दोन प्रश्नांशी विद्यार्थी अडखळेल, आणि अडखळला म्हणजे त्याला कळेल की, गतकाळातील माणसाला आपले कपडे चढविणे सोपे आहे आणि त्याचे मन ओळखणे कठीण आहे. आमच्या परिचयाच्या त्या शिक्षकांना आम्ही हेच कळविले आहे. त्या विद्यार्थ्याने त्यांना उलट विचारले, ‘सर, मग खेळ खोटा आहे का?’ आम्ही उत्तर लिहून पाठविले: बेट खरे आहे, दुःख खरे आहे, नियम मात्र नंतरचे आहेत, कोणाचे ते शोधून काढ.